कमान उतरवली तेव्हा ताई धावत होत्या

दहा वाजून सात मिनिटांनी आमच्या ताई मैदानाच्या फाटकातून आत आल्या. छातीवर नंबर, डोक्याला ओला रुमाल, चेहरा उन्हाने तांबडालाल. समोर शर्यत संपते तिथली कमान उभी असायला हवी होती. ती जमिनीवर पसरली होती. दोन पोरं तिच्यावर गुडघे टेकून उरलेली हवा दाबून काढत होती, तिसरा दोर गुंडाळत होता. वेळ नोंदवायची चटई टेम्पोत चढली होती. ताई थांबल्या नाहीत. पोरांना वळसा घालून, कमानीच्या दोन खुंट्या अजून रोवलेल्या होत्या त्यांच्या मधून पलीकडे गेल्या, मनगटावरचं घड्याळ दाबलं आणि विचारलं, "भाऊ, मेडल कुठे मिळून राहिलं?"

"संपले ताई," दोर गुंडाळणारा म्हणाला. "झाला ना कार्यक्रम."

त्या पोराचा दोष नाही. त्याला जे सांगितलं ते तो करत होता. पण त्याच्या तोंडून जे निघालं ते खरं निघालं. आमच्याकडे हाफ मॅरेथॉनचा कार्यक्रम होतो. शर्यत होत नाही.

हिशेब मांडतो, कारण हिशेबाशिवाय केलेली तक्रार लोक रडगाणं समजतात. माहितीपत्रकावर छापलं होतं की 21 किलोमीटरची शर्यत सकाळी 6 वाजता सुटेल आणि पूर्ण करायला साडेतीन तास मिळतील. शर्यत सुटली 6 वाजून 55 मिनिटांनी. त्यात साडेतीन तास मिळवले की 10 वाजून 25 मिनिटं होतात. कमान 10 वाजायच्या आधीच खाली आली होती. ताईंना लागले 3 तास 12 मिनिटं. म्हणजे त्या वेळेत आल्या, अठरा मिनिटं हातात राखून आल्या. उशीर केला तो झेंडा दाखवायला बोलावलेल्या पाहुण्यांनी आणि त्यांची वाट पाहत बसलेल्या आयोजकांनी. भरपाई मात्र ताईंकडून वसूल केली.

गावाचं आणि आयोजकांचं नाव मी लिहीत नाही. गेल्या सहा वर्षांत जामनेरच्या आमच्या ग्रुपसोबत मी आजूबाजूच्या डझनभर शर्यती धावलो आहे. काही उत्तम होत्या, त्यांचे आभार मी त्या-त्या वेळी मानले आहेत. उरलेल्यांत गाव बदललं, टी-शर्टचा रंग बदलला, व्यासपीठावरचे चेहरे बदलले. रस्त्यावर शेवटी राहिलेल्या माणसाचे हाल तेच राहिले.

आमचा ग्रुप तालुक्याच्या गावात असतो तसाच आहे. एक औषधाचं दुकान चालवणारा, एक डेपोतला कंडक्टर, दोन शिक्षक, एक कापसाचा व्यापारी, एक निवृत्त बँक कर्मचारी आणि या ताई. त्या अंगणवाडीत काम करतात, वय बावन्न. रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही जमतो. कधी पहूर रस्ता, कधी बोदवड रस्ता, कधी भुसावळच्या बाजूला. काळ्या शेतांमधून थंडीत जो गारवा वर येतो त्यात दहा किलोमीटर कधी सरले कळत नाही. ताई पहिले सहा महिने फक्त चालत होत्या. मग एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं, असं सुरू केलं. दोन वर्षांनी त्या एकवीस किलोमीटरला उभ्या राहिल्या. ग्रुपमध्ये त्यांच्याइतका नेमाने सराव केलेला दुसरा कोणी नाही, मीसुद्धा नाही.

आणि हळू असणं हा आमच्या गावात कधी अपमान नव्हता. पाचोरा-जामनेर पीजे रेल्वे 2020 मध्ये बंद पडेपर्यंत शंभर वर्षं 56 किलोमीटरचा आपला रस्ता रमतगमत कापत होती. तिला कुणी हिणवलं नाही. ती पोहोचायची, लोकांना एवढं पुरेसं होतं.

आता त्या पंचावन्न मिनिटांकडे येतो. खरा गुन्हा तिथे घडला.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. खान्देशात त्या दिवसांत पहाटे अंगावर स्वेटर लागतो आणि नऊ वाजले की डांबर तापायला लागतं. साडेपाचलाच आम्ही मैदानावर होतो. सहाला सगळे रेषेमागे उभे राहिले, अंग गरम करून, शौचाला जाऊन, बेताचं पाणी पिऊन. सव्वासहाला स्पीकरवरून सांगितलं, पाहुणे निघाले आहेत. साडेसहाला झुंबा सुरू केला. तेवढ्यात पाहुणे आले, मग शाल, श्रीफळ, सत्कार, चार जणांची मनोगतं, मग झेंडा धरलेला फोटो, मग तोच झेंडा दुसऱ्या बाजूने धरलेला फोटो. तोपर्यंत तापवलेले स्नायू थंड झाले होते, आणि आडोशाला जायला निघालेल्या बायकांना स्पीकरवरून "कोणीही जागा सोडू नका" म्हणून दटावलं जात होतं.

व्यासपीठावरच्या मंडळींना वाटत असेल, तासाभराने काय बिघडतं? काय बिघडतं ते सांगतो. धावताना शरीर जी ऊर्जा जाळतं तिचा जेमतेम पाव हिस्सा पाय पुढे टाकण्यात खर्च होतो. बाकी सगळी उष्णता होऊन अंगात साठते, आणि ती बाहेर काढायला घामाशिवाय फारसा मार्ग नसतो. ऊन चढलं, वारा पडला, पाणी संपलं की तो मार्ग बंद होऊ लागतो. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला, तर तो उष्माघात. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं. आधी जागेवर बर्फाच्या पाण्याने अंग गार करायचं, मग रुग्णालयाकडे हलवायचं, हा त्यावरचा नियम. आमच्या शर्यतीत रुग्णवाहिका एक होती, ती व्यासपीठाच्या मागे लावलेली. बर्फ होता, तो पाहुण्यांच्या सरबताच्या पिंपात.

पहिला आलेला मुलगा सव्वाआठला मोकळा झाला. त्याला उन्हाची झळसुद्धा लागली नाही. जो जितका हळू, तो तितका जास्त वेळ रस्त्यावर आणि तितक्या कडक उन्हात. सुरुवात पंचावन्न मिनिटं लांबवली की ती सगळी पंचावन्न मिनिटं शेवटच्या माणसाच्या वाट्याच्या गारव्यातून कापली जातात. हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही. खान्देशातला कोणताही शेतमजूर हे जाणतो, म्हणून तर तो उजाडता उजाडता शेतात असतो.

उन्हात समारंभ लांबवला तर काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर समारंभाला आलेली माणसं नुसती बसून होती, धावत नव्हती, तरी 14 जीव गेले. आणि आम्ही माणसांना पळवतो. शिकागोची मॅरेथॉन जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतींपैकी एक. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पारा 31 अंशांवर गेला, पाणी अपुरं पडल्याच्या तक्रारी झाल्या, शेकडो धावकांवर उपचार करावे लागले आणि साडेतीन तासांनी शर्यत थांबवावी लागली. आज तिथे हवेच्या धोक्याप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल, काळा झेंडा लावतात, म्हणजे प्रत्येक धावकाला कळतं की आज जपून धावायचं की थांबायचं. आमच्याकडे झेंडा एकच, फोटोपुरता.

पाण्याचं सांगतो. परतीच्या वाटेवर पंधराव्या आणि अठराव्या किलोमीटरला पाण्याचे टेबल होते. मी गेलो तेव्हा दोन्ही भरलेले होते, पाणी, केळी, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी. ताई पंधराव्याला पोहोचल्या तेव्हा टेबल उलटं करून पिकअपमध्ये चढवत होते. अठराव्याला टेबलच नव्हतं. रस्त्यावर चिरडलेले कागदी पेले होते, त्यावरूनच कळत होतं की इथे पाणी होतं. ताईंनी रस्ता सोडला आणि शेजारी हरभरा काढत असलेल्या बायकांकडे गेल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "एवढ्या उन्हात काहून पळून राहिली व माय?" आणि स्वतःच्या डब्याच्या झाकणात पाणी ओतून दिलं. एक झाकण प्यायला, एक रुमालावर. त्या म्हातारीने दिवसभरासाठी आणलेल्या पाण्यातून ते दिलं होतं. नऊशे रुपये फी घेणाऱ्यांना जे जमलं नाही ते तिने केलं.

केळीच्या जिल्ह्यात शेवटच्या धावकाला एक केळं मिळत नाही. रावेर-यावलची केळी देशभर जाते, जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथे शेवटून आलेल्या बाईच्या हातात द्यायला एक केळं शिल्लक नसतं, कारण पेट्या व्यासपीठामागे गाड्यांमध्ये गेलेल्या असतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मेडलचंही तसंच. मेडल नोंदणीइतकेच करतात. मग ते संपतात कसे? पाच किलोमीटर चालून आलेल्या पाहुण्यांच्या मंडळींना गळ्यात घातले, त्यांच्याबरोबरच्या पोरांना घातले, फोटोसाठी घातले आणि परत घेतले नाहीत. ज्याने अंतर कापलं त्याचं मेडल ज्याने कापलं नाही त्याला दिलं, तर याला मराठीत एकच शब्द आहे: चोरी.

अंतर म्हटलं तर तेही पुरतं नव्हतं. हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर, पूर्ण मॅरेथॉनच्या 42.195 चा बरोबर अर्धा. जगभर ते मोजतात सायकलने. चाकाला जोन्स काउंटर नावाचं मोजयंत्र लावतात, सायकल आधी मोजून आखलेल्या अंतरावर तपासून घेतात, मग धावक जितका जवळचा रस्ता काढू शकेल त्याच रेषेने मोजत जातात, आणि चुकूनही अंतर कमी भरू नये म्हणून दर हजार मीटरमागे एक मीटर जास्त धरतात. खर्च म्हणाल तर एका सायकलीचा आणि दोन माणसांच्या एका दिवसाचा. आमचा रस्ता मोटारसायकलच्या मीटरवर मोजला होता. आमच्या सगळ्यांच्या घड्याळांत वीस किलोमीटर आणि तीन-चारशे मीटर निघाले. घड्याळं थोडीफार चुकतात, पण एका ग्रुपची सगळी घड्याळं एकाच दिशेने सात-आठशे मीटर चुकत नाहीत.

कोणी म्हणेल, हौशी लोकांना सात-आठशे मीटरचं काय? शर्यतीत पहिल्या दहात आलेली बहुतेक मुलं पोलिस भरतीची तयारी करणारी होती. अशी मुलं आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात पहाटे चारला रस्त्यावर असतात. आम्ही पाचला निघतो तेव्हा ती परतत असतात, अंधारात, विरलेल्या बुटांत. भरतीच्या मैदानी चाचणीचे पन्नास गुण, त्यातले वीस मुलांना 1600 मीटरच्या धावण्याला. तिथे सेकंदावर गुण जातो आणि गुणावर नोकरी जाते. त्या मुलाला तुम्ही खोटं अंतर आणि त्यावरून खोटी वेळ देता, त्या वेळेवर तो पुढच्या सरावाचा हिशेब मांडतो. ही त्याची फसवणूक आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2020 मध्ये दिल्लीत 1 तास 30 सेकंदांत हाफ मॅरेथॉन पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. तो विक्रम उभा राहिला तो त्या मोजलेल्या रस्त्यावर. रस्ता कमी भरला असता तर त्या सेकंदांना काय अर्थ उरला असता? इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या मॅरेथॉनचा रस्ता 2013, 2014 आणि 2015 अशी तीन वर्षं 380 मीटर कमी भरत होता. पुन्हा मोजणी झाली, 2016 मध्ये ते जाहीर झालं आणि हजारो धावकांच्या वेळा अमान्य ठरल्या. लोक चिडले, पण खरं काय ते त्यांना कळलं. आमच्याकडे पुन्हा मोजायचं सोडाच, विचारलं तर उत्तर मिळतं, "भाऊ, आनंद घ्या ना."

त्या दिवशीच्या भाषणांत एका वक्त्याने बारामतीच्या लताबाई करे यांची गोष्ट सांगितली. साठी ओलांडलेली शेतमजूर बाई, नवऱ्याच्या आजारपणाच्या खर्चासाठी 2013 मध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि जिंकली. खरी गोष्ट आहे, डोळ्यांत पाणी आणणारी आहे. मैदानात टाळ्या झाल्या. पण ज्या व्यासपीठावरून लताबाईंचं कौतुक झालं, त्याच व्यासपीठावरच्या लोकांना तीन तासांनी एका अंगणवाडी सेविकेसाठी पंचवीस मिनिटं कमान उभी ठेवता आली नाही. बाई जिंकली की तिची गोष्ट सांगता. बाई अजून रस्त्यावर आहे तोवर तिला पाणी द्या, मग गोष्ट सांगा.

माझी मागणी वेळेची मर्यादाच नको अशी मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत 1921 पासून होते, सुमारे 90 किलोमीटरची. मर्यादा बारा तास. बारावा तास भरताना एक अधिकारी धावकांकडे पाठ करून रेषेवर उभा राहतो आणि घड्याळ भरलं की बंदूक झाडतो. पाठ यासाठी की समोर कोण येतंय हे पाहून त्याचं मन बदलू नये. एका सेकंदाने चुकलेल्याला मेडल मिळत नाही. कठोर आहे, पण प्रत्येकाला ते आधीपासून माहीत असतं, बारा तास म्हणजे पूर्ण बारा तास मिळतात, आणि त्या शेवटच्या मिनिटाला सगळं मैदान उभं राहून मागून येणाऱ्यांना हाका मारत असतं. तिथे शेवटचं मिनिट हे शर्यतीतलं सर्वांत मोठं मिनिट. आमच्याकडे तोपर्यंत मंडप उतरलेला असतो. दूर कशाला जायचं, कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी दर वर्षी पंढरपूरला निघते. दिंडीत मागे पडलेल्या म्हातारीला सोडून मुक्काम हलवला असं कुणी सांगितलं तर आपण त्या दिंडीला काय म्हणू?

आणि आता आमच्या ग्रुपबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल. मी दोन तास एकवीस मिनिटांत आलो होतो. मेडल गळ्यात घातलं, पोहे घेतले, ग्रुप फोटो काढला. आमच्यातले सहा जण त्या फोटोत आहेत, सातव्या ताई तेव्हा अठराव्या किलोमीटरला पाणी शोधत होत्या. कमान हलायला लागली तेव्हा कंडक्टर भाऊ म्हणाले, "अजून ताई यायच्या आहेत ना." आम्ही आयोजकांकडे गेलो, ते म्हणाले, मंडपवाल्याला दुसरीकडे जायचंय. आम्ही माघारी फिरलो आणि गप्प बसलो. त्या कमानीखाली आम्ही सहा जण आडवे उभे राहिलो असतो तर ती उतरवायची कुणाची हिंमत झाली नसती. आम्ही राहिलो नाही. आदल्या वर्षीही असंच झालं होतं, तेव्हाही "जाऊ द्या" म्हटलं आणि पुढच्या वर्षीची फी भरली. आयोजकांना जी सवय लागली ती आमच्या या "जाऊ द्या"ने लावली. आम्ही पैसे देऊन धावतो, मग मिंध्यासारखे का वागतो?

आता आमच्या ग्रुपने ठरवलं आहे आणि तालुक्या-तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपना माझं सांगणं आहे, हात जोडून आणि तितक्याच ठामपणे. फी भरायच्या आधी आयोजकांकडून लेखी घ्या. पाहुणा येवो न येवो, शर्यत छापील वेळेला सुटणार का? वेळमर्यादा शर्यत प्रत्यक्ष सुटल्यापासून मोजणार का? शेवटचा धावक पुढे गेल्याशिवाय पाण्याचं एकही टेबल हलणार नाही आणि त्याच्यामागे सायकलवर कुणीतरी असेल, हे कबूल आहे का? रस्ता कुणी, कशाने मोजला? बर्फ आणि रुग्णवाहिका रस्त्यावर असेल की व्यासपीठामागे? सत्कार करायचेत, खुशाल करा, सगळे आत आल्यावर करा. उत्तर आलं नाही तर नऊशे रुपये खिशात ठेवा आणि रविवारी आपल्याच रस्त्यावर एकवीस किलोमीटर धावा. रस्ता सरकारचा आहे, पाय आपले आहेत.

परतताना गाडीत कंडक्टर भाऊंनी आपलं मेडल काढून ताईंच्या हातात ठेवलं. ताईंनी ते परत दिलं. म्हणाल्या, "तुमचं तुमच्याजवळ राहू द्या भाऊ. माझं त्यांच्याकडे आहे." मग पर्समधून पेन काढून छातीवरच्या नंबरच्या कागदावर स्वतःच लिहिलं: 3 तास 12 मिनिटं.

चार दिवसांनी निकाल लागला. ताईंच्या नावापुढे "शर्यत अपूर्ण" असं छापलं आहे. आम्ही घड्याळाची नोंद, फोटो आणि सहा जणांच्या सह्या घेऊन पत्र पाठवलं. त्याला आता दोन महिने झाले. तो शेरा अजून तसाच आहे.